फंडाचं मडकं

आमच्या गावात बाळंतपणासाठी जागा नव्हती. गाव ठाकुर्लीपासून लांब नाही, पण खाडीच्या अंगाला आहे आणि सखल आहे. बाई अडली की तिला बैलगाडीत घालून कल्याणला न्यायची. उधाण असलं की रस्त्यावर पाणी चढायचं. मग पाणी उतरेपर्यंत गाडी उभी राहायची.

लोकल बोर्डाने आम्हाला सांगितलं होतं की गावाने अर्धा खर्च उचलला तर अर्धा सरकार देईल, तीन खोल्यांचं प्रसूतिगृह बांधून होईल आणि एक नर्सही मिळेल. पण तो अर्धा खर्च आणायचा कुठून? गावातले काहीजण मिठागरावर कामाला, बाकीचे भातशेतीवाले. रोख पैसा कोणाच्याच हातात फार दिवस राहत नसे. तेव्हा आवडाबाईने मूठफंड काढला.

आवडाबाई आमच्या गावची सुईण. मला तिनेच जगात आणलं, म्हणून मी तिला काकी म्हणायचो. ती म्हणाली, "माजं हात आता थरथरतात. मी मेले की तुमच्या बायका कोनाकडं जातील?" तिने कुंभाराकडून मडकी आणली, प्रत्येकाच्या गळ्याला चुन्याचा पट्टा ओढला आणि घरोघर चुलीजवळ एकेक ठेवलं. रोज भात शिजत घालण्याआधी घरच्या बाईने एक मूठ तांदूळ त्यात टाकायचे. सोमवारी आवडाबाई टोपली घेऊन फिरायची. गोळा झालेले तांदूळ कल्याणच्या बाजारात विकायचे आणि पैसे गोविंदा पाटलांकडे ठेवायचे. नियम दोनच होते. मूठ बाईनेच टाकायची, आणि एकदा मडक्यात पडलेला दाणा घरात परत घ्यायचा नाही.

माझी बायको तुळसा या दुसऱ्या नियमाला फार पक्की होती. एका श्रावणात घरातले तांदूळ संपले. मी मिठाच्या आगरावर कामाला जायला निघालो होतो. मी म्हणालो, "मडक्यातले घे की दोन मुठी. सोमवारच्या आत परत टाकू."

"ते आपले नाय."

"तूच टाकलेस ना?"

"टाकले म्हंजे दिले. दिलेलं परत घेऊन शिजवनार? आनि वरून तुमाला वाढनार?"

"मग मी उपाशी जाऊ आगरावर?"

"जा की. आगरात मीठ हाय, चाटा थोडं."

मग शेजारून नाचणी उसनी आणून तिने भाकऱ्या केल्या. तेव्हा ती पोटुशी होती. दर सोमवारी आवडाबाई टोपली घेऊन आली की तुळसा तिला विचारायची, "काकी, किती झालं? कदी बांधनार?" आवडाबाई चेष्टा करायची, "तुझ्या पोराच्या लग्नाला होईल बघ." तुळसाला ती चेष्टा आवडत नसे. तिला घाई होती.

तिचं माहेर खाडीपलीकडे. तिथल्या खाऱ्या जमिनीत लाल तांदूळ होतो, त्याला राता म्हणतात. आमच्या गावात तो कोणी करत नाही. त्या वर्षी भाऊबीजेला तिच्या भावाने तिच्यासाठी राता आणला. पोटुशी बहीण खाईल म्हणून. ती त्यातलाही रोज फंडात टाकू लागली. मी म्हणालो, "अगं, भावाने तुला दिलाय." ती म्हणाली, "चांगलं असंल तेच द्यायचं असतं."

कार्तिकी पौर्णिमेला तिला कळा लागल्या. उधाणाचं पाणी रस्त्यावर होतं. आवडाबाईने पोटाला हात लावून पाहिला आणि मला बाहेर बोलावून म्हणाली, "आडवं हाय. कल्याणला ने." मी गाडी जुंपली, आवडाबाई तिच्याजवळ बसली. पाण्याच्या कडेला गाडी थांबवली. पलीकडे ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसची धुराडी दिसत होती. पाणी उतरायची वाट बघता बघता तुळसा गेली. पोर पोटातच राहिलं.

याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

पोटुशी बाई गेली की ती घराकडे परत येते असं आमच्यात मानतात. म्हणून मसणवटीतून परतताना मागे वाटेवर राई टाकत यायची असते. ती घराकडे यायला निघाली की वाटेतला एकेक दाणा वेचत बसते आणि घरापर्यंत पोचत नाही. माझा चुलतभाऊ रघू याने ते काम अंगावर घेतलं. घरात राई सापडली नाही. त्याने चुलीजवळचं मडकं उचललं. परतताना मसणवटीपासून खाडीच्या बांधावरून थेट माझ्या दारापर्यंत त्याने ते सगळे तांदूळ टाकले. मी पुढे चालत होतो. मागे वळून बघायचं नसतं. दाणे पडल्याचा आवाज तेवढा येत होता. घरी आल्यावर रघूने रिकामं मडकं चुलीजवळ पालथं घातलं.

सुतक फिटल्यावर सोमवारी आवडाबाई आली. टोपली तिने बाहेरच ठेवली.

"काळू, मडकं नेते रं. आता घरात बाईमानूस नाय."

"ने."

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी जाऊन पाहिलं. मडकं सुलटं होतं. ती त्यात हात घालून बसली होती.

"कोनी टाकले हे?"

"काय?"

"तांदूळ."

मी पाहिलं. तळाशी तांदूळ होते. त्यात लाल दाणे होते. आवडाबाईने काही दाणे तळहातावर घेतले. प्रत्येक दाण्याला करडी माती चिकटून वाळली होती. तिने एक दाणा जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला.

"खारट हाय," ती म्हणाली. "बांधावरची माती."

तिने दाणे परत मडक्यात टाकले आणि पदराला हात पुसले. "हे मी बाकीच्यांत मिसळनार नाय. बायका भितील. हितंच राहू दे, पट्ट्यापरेंत भरलं की बघू." दारापर्यंत जाऊन ती थांबली. "कोनाला बोलू नको."

त्या दिवसापासून मी मडक्याकडे लक्ष ठेवू लागलो. सकाळी आगरावर जाताना पाहायचो आणि दुपारी भाकरी खायला आलो की पाहायचो. रोज एक मूठ वाढलेली असायची. वरची मूठ ओली असायची, खालची वाळलेली. एक दिवस मी आगरावर गेलोच नाही. चुलीसमोर बसून राहिलो. दुपार झाली तरी काही झालं नाही. घसा सुकला म्हणून मी माठाकडे वळलो, आणि पाठीमागे दाणे पडले. मडक्यात मूठ सोडली की जो आवाज होतो तोच आवाज. लग्न झाल्यापासून तो आवाज मी रोज ऐकत होतो. मी पाणी न पिता तसाच उभा राहिलो. मग वळून पाहिलं. कोणी नव्हतं. अंगणातली कोंबडी दाण्यांच्या आशेने उंबऱ्यापर्यंत आली होती. ती तिथेच थांबली, मान वाकडी करून आत बघत राहिली आणि मागच्या मागे निघून गेली.

मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी चुलीजवळ बसून जेवू लागलो. जेवताना बोलायचो. आज आगरात पाणी सोडलं, मुकादम अमकं म्हणाला, बैलाच्या खुराला लागलंय. उत्तर येत नसे. ती होती तेव्हाही कामात असली की उत्तर देत नसे.

एक दिवस मी बांधावरून मसणवटीकडे चालत गेलो. माझ्या घराजवळच्या वाटेवर रघूने टाकलेले तांदूळ तसेच पडले होते. इतके दिवस होऊनही त्यांना ना पाखरू शिवलं होतं, ना मुंगी. पुढे बांधाच्या मधोमध एक जागा आली. तिच्यापलीकडे, मसणवटीच्या बाजूला, एकही दाणा नव्हता. नुसती माती. त्या मातीत जागोजागी बारीक खळगे होते, दोन दोन, जवळ जवळ, चिमटीने काही उचललं की पडतात तसे. आणि मध्ये मध्ये गुडघे टेकल्याचे दोन खोलगट ठसे.

तेव्हा मला समजलं. रघूने राई टाकली असती तर ती वेचत तिथेच बसली असती. पण ते तांदूळ फंडाचे होते, लोकांचे होते. मातीत पडलेले तिला बघवले नसते. ती ते वेचून जागच्या जागी आणून ठेवत होती.

आणि मला हेही समजलं की उरलेला बांध साफ झाला की तिचं काम संपणार.

मडक्यातले तांदूळ मी पहिल्यांदा उचलले ते पौषात. थोडेच उचलले. आगरावर जाताना मसणवटीच्या बाजूने फिरून गेलो आणि साफ झालेल्या जागेवर टाकले. दुसऱ्या दिवशी मूठ आलीच. मग माझा तो नेमच झाला. ती आणायची आणि मी नेऊन टाकायचो. सोमवारी आवडाबाई यायची, मडक्यात डोकवायची आणि म्हणायची, "अजून पट्ट्याला लागलं नाय?" मी म्हणायचो, "हळूहळू लागंल." ती माझ्याकडे बघायची.

मार्चच्या सुरुवातीला बोर्डाकडून निरोप आला. गावाचा हिस्सा महिनाअखेर दाखवा, नाहीतर मंजूर झालेले पैसे दुसऱ्या गावाला जातील. मारुतीच्या देवळात सगळे जमले. गोविंदा पाटील मराठी सातवी फायनलपर्यंत शिकलेले, त्यांनी हिशोब सांगितला. जमलेली रक्कम बरीच कमी पडत होती.

"आता काय काय करता येईल ते बोला," पाटील म्हणाले. "कल्याणचा वखारवाला शेठ कमी पडतील तेवढे सगळे द्यायला तयार आहे. त्याच्या आईचं नाव इमारतीला द्यायचं. आणि व्यवस्था त्याचा माणूस बघणार. किल्ली त्याच्याकडे."

पुष्कळ जणांनी मान डोलावली. ते पैसे आले की फंड बंद होणार, मडकी परत जाणार, हे माझ्या डोक्यात आलं. मी उठून म्हणालो, "म्हंजे बाई अडली की आधी किल्लीवाल्याला शोधायचा? तो कल्याणला शिनेमा बघत बसला असंल तर बाईने काय कळा धरून ठेवायच्या?"

लोक हसले. कोणी म्हणालं, "काळूने बरोबर पकडलं." शेठ तिथेच मागे पडला.

"सोसायटीकडून कर्ज काढू," पाटील म्हणाले.

"एका साली बांध फुटला नि शेतात खारं पानी आलं, तर फेडनार कोन?" मी म्हणालो. तेही लोकांना पटलं.

रघू म्हणाला, "नाटक बसवू. कल्याणला तिकीट लावून करू. मी करतो बाईचं काम."

"नको रे बाबा," मागून कोणी ओरडलं. "गेल्या शिमग्याला तू द्रौपदी झालास, तिच्या मिशा दुशासनापेक्षा मोठ्या होत्या."

"तुझं नवं लगीन झालंय रघ्या," आवडाबाई म्हणाली, "शेवंतीला दाखव तुझं नाटक. मग तीच तुला दवाखान्यात धाडंल."

हसणं थांबल्यावर पाटील म्हणाले, "मग एकच राहिलं. बोर्डाचे ओव्हरसियरसाहेब म्हणाले की कोणी जागा दिली तर तिची किंमतही गावाच्या हिश्शात धरता येते. जागा रस्त्याला लागून पाहिजे आणि उधाणाचं पाणी न लागणारी पाहिजे. तशी जागा मिळाली तर उरलेलं आपण भागवू."

सगळे माझ्याकडे बघत होते. रस्त्याला लागून उंचवटा गावात एकच, आणि त्यावर माझं घर.

"ते घर माझं हाय," मी म्हणालो.

"तुला दुसरीकडे खोपटं बांधून देऊ आम्ही सगळे."

"ते घर मी देनार नाय."

पाटील चिडले. "काळू, तू देत नाहीस आणि दुसऱ्याकडून घेऊही देत नाहीस. तुझीच बायको गेली ना या रस्त्यावर? तुला पाहिजे तरी काय?"

मी खाली बसलो. मला काय पाहिजे ते सांगण्यासारखं नव्हतं. आवडाबाई माझ्या हातांकडे बघत होती. माझ्या नखांत करडी माती होती. आगरातल्या मातीपेक्षा बांधावरची माती वेगळी दिसते, तिला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बांधावर गेलो. ऊन कडक होतं. आगरात मिठाच्या राशी पांढऱ्या चमकत होत्या, बघवत नव्हतं. माणसं जेवायला गेली होती. ओहोटी लागून खाडीत नुसता चिखल उघडा पडला होता. मी पंच्यात बांधून आणलेले तांदूळ काढले आणि टाकायला लागलो.

"कोंबड्यांना टाकतोस?"

आवडाबाई मागे उभी होती. तिला धाप लागली होती. या वयात ती उन्हातून एवढं चालत आली होती.

"मना वाटलंच," ती म्हणाली. "मडकं भरंना तेव्हाच वाटलं. किती दिवस चाललंय?"

मी पंचा पाठीमागे नेला.

"काळू, मी विचारते."

"ती येते, काकी. हे टाकले नाय तर ती यायची नाय."

"तुझ्याकडं येते ती?"

"रोज येते."

"तुझ्याशी बोलली कधी?"

"नाय."

"पानी मागितलं?"

"नाय."

"मग तुझ्याकडं कशी येते?" आवडाबाई बांधावर टेकली. मातीतल्या त्या खळग्यांवर तिने हात ठेवला. मग गुडघ्यांच्या ठशावर ठेवला. बाळंतिणीचं पोट तपासताना ठेवायची तसा. "माझ्या हातात गेली ती," ती म्हणाली. "नऊ म्हयने भरलेले. पोर आडवं. ते पोट घेऊन ती उन्हातान्हात वाकते, रं. गुडघ्यावर बसते, एकेक दाना वेचते, घरापरेंत नेते, परत येते. आनि परत येऊन बघते तर तिथं पुन्यांदा दाने पडलेले."

तिने पदराने तोंड पुसलं.

"तिला वाटत असंल, माझं कसं संपत नाय."

ती उठली आणि गावाकडे गेली. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग मी माझ्या दारापर्यंत मागे आलो, गुडघ्यावर बसलो आणि रघूने टाकलेले, मी टाकलेले, सगळेच तांदूळ वेचायला लागलो.

दाणे मातीत रुतले होते. नखाने उकरून काढावे लागत होते. मिठाने बोटं चुरचुरत होती. कंबर थोड्याच वेळात भरून आली. माझ्या पोटात पोर नव्हतं आणि तरी मला वाकवत नव्हतं. मी घराच्या बाजूने वेचत मसणवटीकडे सरकत होतो. किती वेळ झाला कळलं नाही. ऊन कलायला लागलं होतं. मग मला समोरून आवाज आला.

श्वासाचा आवाज होता. जड. दिवस भरलेली बाई काम करताना सोडते तसा. थोडा वेळ चालायचा, मग थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. कापड मातीवर घासल्याचाही आवाज होता. मी मान वर केली नाही. वर बघितलं असतं तर मी तिला घरी चल म्हणालो असतो. मी माझ्या समोरच्या मातीकडेच बघत राहिलो आणि दाणे उचलत राहिलो.

हाताच्या अंतरावर मातीत दोन बारीक खळगे पडले. तिथला दाणा नाहीसा झाला. मग त्याच्या अलीकडे दोन खळगे. मग आणखी अलीकडे. मी माझ्या बाजूचे उचलत होतो, तिकडचे तिकडून जात होते. आमच्यामध्ये थोडे दाणे उरले. मग एकच उरला. लाल होता, तिच्या माहेरचा.

तो मी उचलला नाही.

जरा वेळ काहीच झालं नाही. श्वास अगदी जवळ होता. मला ओल्या मातीचा आणि तांदळाच्या कोंड्याचा वास आला. मग माती दोन ठिकाणी दबली आणि दाणा गेला.

मी पंचा मांडीवर पसरला होता. त्यात एक मूठ तांदूळ पडले. ओले आणि थंडगार. माझ्या मांडीला गारवा लागला.

"संपलं गं," मी म्हणालो. "आता बस जरा."

श्वास लांब गेला. मसणवटीच्या बाजूला नाही. माझ्या पाठीमागे, गावाच्या बाजूला, रस्त्याकडच्या उंचवट्याच्या दिशेने. मग ऐकू येईनासा झाला. खाडीत भरती लागली होती, चिखलावरून पाणी येत होतं.

घरी येऊन मी पंच्यातले तांदूळ मडक्यात ओतले. मडकं चुन्याच्या पट्ट्यापर्यंत भरलं. ते डोक्यावर घेऊन मी आवडाबाईकडे गेलो. तिने आत बघितलं आणि काही न विचारता ते तांदूळ गावाच्या राशीत ओतले. बायका बघत होत्या. लाल दाणे पांढऱ्या राशीवरून घरंगळत खाली आले. तिथून मी पाटलांकडे गेलो. ते ओसरीवर दाढी करत होते.

"घर घ्या," मी म्हणालो.

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "नीट विचार केलास?"

"साहेबाला बोलवा. मोजून घेऊ द्या."

ओव्हरसियर आले, फीत लावून जागा मोजली, किंमत धरली. शेवटच्या दिवसांत बायकांनी एकेकीने दोन दोन मुठी टाकल्या आणि वडारांच्या हाताखाली आम्ही पुरुषांनी फुकट काम करायचं ठरलं, तेही हिश्शात धरलं गेलं. महिनाअखेर गावाचा हिस्सा पुरा झाला. माझं घर मीच उतरवलं. कौलं, वासे, मग भिंती. चुलीचे दगड शेवटी काढले. नकाशात बाळंतपणाची खोली नेमकी चुलीच्या जागेवर आली होती. कोणी मुद्दाम आणली नव्हती. तिथे उजेड चांगला येतो म्हणून साहेबांनी काढली होती.

गावाने मला आगराजवळ खोपटं बांधून दिलं. तिथे चुलीजवळ मी एक मडकं ठेवून पाहिलं. ते रिकामंच राहिलं. काही महिन्यांनी मी ते पाणी प्यायला घेतलं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता प्रसूतिगृह सुरू झालं. त्याच्यावर कोणाचं नाव नाही. पहिली बाळंतीण रघूची बायको शेवंती. तिचंही अडलं होतं. उधाण होतं, रस्त्यावर पाणी होतं, सगळं तसंच होतं. रघू बाहेर व्हरांड्यात खांबाला धरून उभा होता आणि मी त्याच्याजवळ. पुरुषांना आत सोडत नाहीत. दुपारी उशिरा पोर रडलं. रघू खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून हुंदके द्यायला लागला.

थोड्या वेळाने आवडाबाई बाहेर आली. नर्सबाईला मदत करायला ती होती. तिने मला बाजूला बोलावलं आणि लोट्यातल्या पाण्याने हात धुवायला लागली. धुऊन झाल्यावरही धूत राहिली.

"शेवंती विचारते," ती म्हणाली, "माझा हात धरून कोन बसली होती म्हनून. नर्सबाई म्हनते, कोनी नाय, आम्ही दोघीच होतो. शेवंती म्हनते, तिसरी होती. बोटांची टोकं खरबरीत, नखांत माती."

लोट्यातलं पाणी संपलं होतं.

"मना बी दिसली," आवडाबाई हळू म्हणाली.

माझ्या मनात बरंच काही आलं. तिने माझं नाव घेतलं का, ते विचारावंसं वाटलं. पण मी ते विचारलं नाही.

"वाकलेली होती का?" मी विचारलं.

"नाय रं," आवडाबाई म्हणाली. "बसलेली. पाय पसरून, भिंतीला टेकून."